भजन आपलं, आवाज आपला, तरी दर आठवड्याला क्लेम: मुळाशी कसं जायचं

लक्षण साधारण असं असतं. व्हिडिओ अपलोड करताना तपासणीच्या टप्प्यावरच कॉपीराइटची सूचना येते. गाणं आपण म्हटलेलं, वाद्यं आपली, कॅमेरा आपला. हरकत घेतली, काही दिवसांनी क्लेम सुटला. पुढच्या आठवड्यात नवा व्हिडिओ टाकला की त्याच नावाने तोच क्लेम परत हजर.

नागपुरात भजन मंडळं, लग्नाचं शूटिंग करणारे, मिरवणुकीत वाजवणारे संदलवाले, झाडीपट्टीच्या नाटकांच्या क्लिपा टाकणारे, शाळेच्या गॅदरिंगचं चॅनेल सांभाळणारे मास्तर, असे बरेच जण ही तक्रार घेऊन येतात. जवळपास सगळ्यांनी एकच उपाय केलेला असतो: आला क्लेम की कर डिस्प्यूट, म्हणजे घे हरकत. उपाय चुकीचा नाही, अपुरा आहे. डिस्प्यूटने तेवढा एक व्हिडिओ सुटतो. ज्या फाइलशी जुळल्यामुळे क्लेम आला ती यूट्यूबच्या यंत्रात तशीच राहते आणि पुढचा व्हिडिओ पुन्हा पकडते. म्हणून व्हिडिओ सोडवणं आणि ती फाइल काढायला लावणं, ही दोन वेगळी कामं समजा. इथून पुढचं यूट्यूबला धरून आहे. फेसबुकचं शेवटी थोडं लिहिलंय.

क्लेम आहे की स्ट्राइक, ते आधी बघा

घाबरलेला माणूस फोनवर "स्ट्राइक आला" म्हणतो आणि बघावं तर साधा क्लेम असतो. क्लेम म्हणजे कंटेंट आयडी या स्वयंचलित यंत्रणेने तुमच्या व्हिडिओतला काही भाग कोणाच्या तरी नोंदवलेल्या फाइलशी जुळतोय असं ठरवलं. परिणाम एवढाच की जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळतात, किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही, किंवा तो नुसते आकडे बघत बसतो. चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांच्या आत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. घाई आणि भीती या दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवा.

यंत्र काय ऐकतं

कंटेंट आयडी २००७ पासून आहे. हक्कदार किंवा त्याच्या वतीने डिस्ट्रिब्युटर (गाणी सगळीकडच्या साइटवर सोडणारी कंपनी) गाण्याची एक प्रत देतो, तिला रेफरन्स फाइल म्हणतात. यंत्र त्या फाइलचा ठसा तयार करतं आणि अपलोड होणाऱ्या प्रत्येक व्हिडिओशी ताडून बघतं. गाणं कोणाचं, परवानगी होती का, चाल किती जुनी, यातलं त्याला काहीच कळत नाही. ठसा जुळला की क्लेम.

२०१२ मध्ये रानभाजी गोळा करतानाच्या एका व्हिडिओवर क्लेम आला होता. त्यात मागे पक्ष्यांचा किलबिलाट होता, बाकी संगीत काही नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराच्या व्हिडिओवर पाच क्लेम लागले. व्हिडिओत दहा तास नुसती खरखर होती, जुन्या टीव्हीवर चॅनेल गेलं की यायची तशी. खरखरीचे पाच मालक!

यूट्यूबने २०२१ च्या पहिल्या सहामाहीचा अहवाल काढला तेव्हा त्या सहा महिन्यांतले क्लेम ७२ कोटींहून जास्त होते. हरकत घेतली गेली ती १ टक्क्याहूनही कमी क्लेमवर. पण ज्यांनी घेतली त्यातल्या सुमारे ६० टक्के प्रकरणांत निकाल अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागला. काहींचे क्लेम खरेच असतील, म्हणून ते गप्प बसले असतील. पण आपल्याकडची माणसं गप्प बसतात ती बहुतेक "कुठं नादी लागता मोठ्या कंपनीच्या" म्हणून, हे मी रोज बघतो.

निदान: तीनच गोष्टी वाचा

यूट्यूब स्टुडिओ कॉम्प्युटरवर उघडा. मोबाइलवर सगळे पर्याय धड दिसत नाहीत. व्हिडिओंच्या यादीत त्या व्हिडिओसमोर कॉपीराइट लिहिलेलं असेल, तिथून तपशिलात जा. क्लेम कोणाच्या नावाने आहे, कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत आहे, आणि काय जुळलंय, म्हणजे ध्वनिमुद्रण, नुसती चाल की चित्र, एवढं कागदावर उतरवून घ्या. तो तुकडा हेडफोन लावून ऐका. अर्धं निदान तिथेच होतं.

उमरेडकडच्या एका भजन मंडळाचं उदाहरण सांगतो. खंजेरी, हार्मोनियम, टाळ, सगळं देवळात बसून रेकॉर्ड केलेलं. क्लेम एका ध्यानसंगीताच्या ट्रॅकचा, ज्याचं नाव मंडळात कोणी ऐकलेलं नाही. मंडळाचे काका तणतणत आले, "भजन तं आमच्या आज्यापासून गाऊन राहिलो, मंग हा हक्कवाला कुठून निंगाला बापा?" भजनाचा त्यात संबंधच नव्हता. क्लेमचा तुकडा पहिल्या सेकंदापासून सुरू होऊन बुवांनी पहिली ओळ उचलली तिथे बरोबर संपत होता. त्या तुकड्यात होता फक्त तानपुरा, तोही मोबाइलच्या अ‍ॅपमधला, काळी एक या सुरात लावून माइकजवळ ठेवलेला. तेच अ‍ॅप वापरून कोणीतरी ध्यानाचा ट्रॅक बनवला, डिस्ट्रिब्युटरकडून सगळीकडे सोडला आणि सोबत फॉर्ममध्ये कंटेंट आयडीवर खूणही केली. आता ते अ‍ॅप त्या सुरात लावणारा प्रत्येक जण त्याच्या जाळ्यात. काकांनी आधी भजन पारंपरिक असल्याचं सांगत डिस्प्यूट केला होता, तो फेटाळला गेला. मुद्दाच चुकलेला होता. क्लेम तानपुऱ्यावर होता, उत्तर भजनाबद्दल दिलं होतं.

तबल्याचे तयार ठेके, ढोलकीचे लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे तयार तुकडे), फुकट मिळणाऱ्या बीट, फ्रीलान्सरकडून करून घेतलेली इंट्रोची धून, यांचा प्रकार असाच. एकच लूप हजार जणांनी वापरलेला असतो आणि त्यातला एक जण आपलं गाणं यंत्रात नोंदवून ठेवतो. क्लेमचा तुकडा नेहमी तुमच्या इंट्रोवरच पडत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात माणूस हसावं की रडावं अशा अवस्थेत येतो. गाणं स्वतःचं, स्वतःच डिस्ट्रिब्युटरकडे दिलेलं, तिथे फॉर्म भरताना कंटेंट आयडीला हो म्हटलेलं, आणि आता क्लेम स्वतःच्याच चॅनेलवर. इथे डिस्प्यूट करू नका. डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर आपल्या चॅनेलची लिंक द्यायची सोय असते किंवा त्यांच्या मदत विभागाला लिहिता येतं. त्यांनी चॅनेल सूट दिलेल्या यादीत टाकलं की विषय मिटतो.

क्लेम खरा असेल तर

मारबतीची मिरवणूक शूट केली, मागे डीजेवर हिंदी सिनेमाचं गाणं वाजत होतं. क्लेम आला तर तो चुकीचा नाही. लग्नाच्या वरातीचंही तसंच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला सूट आहे, ती तिथे वाजवण्यापुरती. त्याचा व्हिडिओ करून जगाला दाखवायला ती सूट लागू होते असं समजू नका. कराओके ट्रॅकवर स्वतः गायलात तर ट्रॅक दुसऱ्याचा आहेच. अशा ठिकाणी वाद न घालता स्टुडिओतच तो तुकडा कापा, म्यूट करा किंवा गाणं बदला. फक्त गाणं पुसून बोलणं ठेवायचीही सोय आहे, पण संदल आणि डीजे एकावर एक वाजत असतील तर निकाल खरखरीत येतो. कापणं बरं. यातलं काहीही नीट झालं की क्लेम आपोआप जातो.

तीस सेकंदांपर्यंत चालतं, वर्णनात श्रेय दिलं की चालतं, 'हक्क मूळ मालकाचे' असं लिहिलं की चालतं, या तिन्ही गोष्टींना काही अर्थ नाही. त्या कोणी पसरवल्या देव जाणे.

भजनवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. अभंग तुकोबांचा म्हणजे शब्द मोकळे, यात वाद नाही. पण चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर ती त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित आहे. आपल्याकडे रेडिओवर ऐकून ऐकून अशा कित्येक चाली पारंपरिक समजल्या जातात. तपशिलात चाल जुळल्याचं लिहिलं असेल तर डिस्प्यूटआधी चाल कोणाची ते विचारून घ्या. शब्दांचंही बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं, म्हणजे साध्या हिशोबाने त्यांच्या लेखनाची मुदत २०२८ अखेरपर्यंत चालते. विदर्भात त्यांची भजनं घरोघरी म्हणतात, पण डिस्प्यूटमध्ये 'सार्वजनिक मालकी' (पब्लिक डोमेन, म्हणजे कोणाचाच हक्क उरलेला नाही) या पर्यायावर त्यांच्यासाठी टिक करू नका. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. १९६० ची तबकडी २०२० संपताना मोकळी झाली असेल, तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालंच असं नाही.

डिस्प्यूट कसा लिहायचा

क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत केलात तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात आणि निकालानंतर ज्याचे त्याला मिळतात. उशीर केलात तर राखण्याची सुरुवात डिस्प्यूटच्या तारखेपासून. गणपतीत किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला टाकलेला व्हिडिओ पहिल्या चार दिवसांतच चालतो, नंतर कोणी बघत नाही. त्यामुळे हे पाच दिवस महत्त्वाचे.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तो गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो, आणि चुकीच्या क्लेममध्ये असं पुष्कळदा होतं. व्हिडिओ अडवलेलाच असेल तर डिस्प्यूटची पायरी गाळून थेट अपीलला जाता येतं, तिथे त्याला ७ दिवसच मिळतात.

डिस्प्यूट प्लॅटफॉर्मचा माणूस तपासत नाही. तो आधी जातो क्लेम करणाऱ्याकडेच. म्हणून यंत्रणेला शिव्या घालून, मंडळाचा इतिहास सांगून काही होत नाही. दिवसाला अशा शेकडो हरकती बघणाऱ्या कारकुनाला अर्ध्या मिनिटात पटेल एवढंच लिहा. तो मुंबईत असेल नाहीतर परदेशात, म्हणून सोप्या इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा:

"क्लेम केलेला भाग ०:०० ते ०:४१ आहे. या भागात गायन नाही. यात फक्त अमुक अ‍ॅपमधला तानपुरा आहे आणि त्या अ‍ॅपच्या अटींनुसार आवाज वापरण्याची मला परवानगी आहे. तुमच्या ट्रॅकमध्ये तोच तयार आवाज असल्यामुळे जुळणी झाली आहे. मी तुमचं ध्वनिमुद्रण वापरलेलं नाही. कृपया क्लेम सोडावा."

अ‍ॅपच्या अटी मात्र आधी खरंच वाचा. काही अ‍ॅप फक्त रियाजासाठी परवानगी देतात. लूप विकत घेतला असेल तर पावतीचा क्रमांक आणि लायसन्समधलं नेमकं वाक्य द्या. सगळं स्वतः वाजवलं असेल तर रेकॉर्डिंगची तारीख, जागा आणि वेगवेगळे ट्रॅक जवळ असल्याचं एका ओळीत सांगा.

आता मुळाचं काम

क्लेमच्या नावात बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर दिसतो आणि तो कोणाच्या वतीने दावा करतोय तेही. गाणारा सापडणार नाही, डिस्ट्रिब्युटर सापडतो. त्याच्या साइटवर कॉपीराइट किंवा कंटेंट आयडीच्या तक्रारीचा फॉर्म असतो, नाहीतर मदत विभागाचा ईमेल असतो. डिस्प्यूट केला त्याच दिवशी तिथेही लिहा. निकालाची वाट बघत बसलात तर मधल्या काळात आणखी चार व्हिडिओ अडकतात.

इथे तुमच्या हातात एक चांगलं शस्त्र आहे. यूट्यूबच्याच नियमांप्रमाणे रेफरन्स फाइलवर देणाऱ्याचा एकट्याचा हक्क असावा लागतो. कराओके, ध्वनिपरिणाम, तयार लूप, अनेकांना मिळणारं बिनएकाधिकाराचं लायसन्स असलेलं साहित्य आणि सार्वजनिक मालकीच्या गोष्टी रेफरन्स म्हणून द्यायलाच मनाई आहे. हा नियम वारंवार मोडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कंटेंट आयडीची सोयच जाऊ शकते आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पत्रात 'माझ्यावर अन्याय झाला' यापेक्षा 'तुमच्या या ट्रॅकमध्ये एकट्याच्या हक्काचा नसलेला लूप आहे, तो रेफरन्समध्ये बसत नाही' हे वाक्य जास्त काम करतं. ट्रॅकचं नाव, कलाकाराचं नाव, जुळलेले सेकंद, मूळ लूप कुठला, तुमच्या अडकलेल्या सगळ्या व्हिडिओंच्या लिंका, हे एकाच पत्रात घाला. मागणी दोनच करा: तो तुकडा रेफरन्समधून वगळा किंवा फाइलच काढा, आणि तोपर्यंत माझं चॅनेल सूट यादीत टाका. दोन्ही गोष्टी त्यांना करता येतात. आपण विचारेपर्यंत ते स्वतःहून सांगत नाहीत.

उमरेडच्या मंडळाच्या बाबतीत मुद्दा बरोबर धरल्यावर क्लेम सुटला, तरी पुढचा व्हिडिओ पुन्हा अडकला. डिस्ट्रिब्युटरला असं पत्र गेल्यानंतर तो ट्रॅक क्लेम करायचा थांबला. दरम्यान काकांनी हार्मोनियमवर सूर धरून स्वतःचा आधारसूर रेकॉर्ड करून ठेवला. आता तोच वापरतात आणि माझ्या मते तानपुऱ्याच्या अ‍ॅपपेक्षा तो भजनाला जास्त शोभतो.

कधी कधी डिस्ट्रिब्युटर दाद देत नाही, किंवा दावा करणारा सरळ भामटा असतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या दोघांनी पन्नास हजारांहून जास्त गाणी आपलीच आहेत असं भासवून दोन कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी लाटली. २०२१ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र आलं, पुढे शिक्षाही झाली. गाण्याच्या नावाने शोध घेतला आणि तोच 'कलाकार' असंबद्ध शेकडो ट्रॅकवर दिसला तर ते स्क्रीनशॉट पत्रासोबत जोडा.

डिस्प्यूट फेटाळला तर

अपील करता येतं, पण इथून पुढे पाऊल जपून टाका. अपीलही पटलं नाही तर हक्कदाराकडे क्लेम सोडणं किंवा व्हिडिओ काढायची रीतसर नोटीस देणं, हेच पर्याय उरतात आणि नोटीस आली की स्ट्राइक. बाजू शंभर टक्के आपली असेल आणि कागद हातात असतील तरच अपील. नुसतं 'बघू काय होतं' म्हणून नको. चॅनेलवर आधीच दोन स्ट्राइक असतील तर तुकडा कापून मोकळं व्हा, पैसे गेले तर गेले.

स्ट्राइक चुकीचा असेल तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे त्या नोटिशीला रीतसर उलट उत्तर, हा मार्ग आहे. त्यात तुमचं पूर्ण नाव, पत्ता, फोन समोरच्याकडे जातो. भारतात राहणाऱ्याला यूट्यूब जिथे आहे तिथल्या अमेरिकी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचंही लिहून द्यावं लागतं. समोरच्याने कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. बहुतेक जण कोर्टात जात नाहीत, तरी सही करण्याआधी सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या वकिलाला हा फॉर्म दाखवा. आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ६० आहे, विनाकारण कॉपीराइटची धमकी देणाऱ्याविरुद्ध दावा लावायचं. ते वापरायची वेळ क्वचित येते, पण वकिलाच्या पत्रात त्याचा उल्लेख आला की समोरचा नीट वाचतो.

नवीन व्हिडिओआधी

आधी खासगी किंवा अनलिस्टेड ठेवून अपलोड करा, तपासणी पूर्ण होऊ द्या, मगच सगळ्यांसाठी उघडा. क्लेम यायचाच असेल तर प्रेक्षक नसताना येऊ दे. प्रत्येक व्हिडिओचं एक फोल्डर ठेवा: कच्चं रेकॉर्डिंग, वेगळे ट्रॅक, लूपची पावती, लायसन्सचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट. साइटवरच्या अटी पुढे बदलतात, म्हणून त्या दिवशीचाच. चॅनेलची इंट्रो धून कोणाकडून करून घेत असाल तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की यात तयार लूप नाही आणि तो ती दुसऱ्या कोणाला देणार नाही किंवा डिस्ट्रिब्युटरकडे टाकणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं तरी चालेल, फक्त ती चॅट पुसू नका.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर यंत्रणा वेगळी आहे, तिचं नाव राइट्स मॅनेजर. यूट्यूबवर क्लेम सुटला म्हणून तिथला सुटत नाही, तिथे नव्याने हरकत घ्यावी लागते. डिस्ट्रिब्युटर मात्र बहुधा तोच असतो. त्यामुळे त्याला पत्र लिहिताना दोन्हीकडच्या लिंका एकदमच द्या आणि रेफरन्स दोन्हीकडून काढायला सांगा.